खालच्या घाटाचं पान

बालाजीचा फोन आला तेव्हा मी अकरावीच्या पोरांना कांद्याची साल सूक्ष्मदर्शकाखाली दाखवत होते. बालाजी म्हणजे आमच्या गावचा सरपंच, आणि त्याच्या कितीतरी आधी पहिलीपासून दहावीपर्यंत माझ्या वर्गातला. शाळेत तो मला सरळ नावाने हाक मारायचा. सरपंच झाल्यापासून 'मॅडम' म्हणतो, आणि तो मॅडम म्हणाला की समजून जावं, काहीतरी तक्रार आहे.

"मॅडम, तुमचं ते शेवाळ आमच्या घाटाला आलंय," तो म्हणाला. "तेवढं काढून न्या."

मी म्हटलं, रविवारी येते. फोन ठेवला आणि मला हसू आवरेना. समोरची पोरं बघत राहिली. कांद्याच्या सालीत हसण्यासारखं काय आहे ते त्यांना कळलं नाही, आणि मी सांगितलंही नाही.

भाद्रपद सरत आला की मला लातुरात बसवत नाही. पाऊस ओसरायला लागलेला असतो, सोयाबीन पिवळं पडायला लागतं, निलंग्याच्या रस्त्याला एसटीच्या खिडकीतून उसाचे पट्टे दिसतात आणि हवेत ओल्या मातीला ऊन लागल्यावर येतो तो कोंदट, गोडसर वास असतो. या दिवसांत आमच्या गावचं तळं भरलेलं असतं आणि गढूळ पाणी हळूहळू निवळत जातं. पाणी निवळलं की माझं पान वर येतं. 'माझं' हा शब्द मी जाणूनबुजून वापरते. ज्याला कुणी आपलं म्हणत नाही त्याला मी आपलं म्हणते, हा माझा जुना स्वभाव आहे, आणि त्यापायी मी पुष्कळ ठिकाणी नकोशी झालेली आहे.

पुस्तकात या वनस्पतीचं नाव पोटॅमोजेटॉन. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ होतो नदीचा शेजारी. गावात तिला वेगळं नाव नाही. पाण्यात जे जे हिरवं उगवतं ते सगळं आमच्याकडे शेवाळ, आणि अलीकडे वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांच्या तोंडी जलपर्णी. विद्यापीठाच्या कामाला मी नांदेडला जाते तेव्हा गोदावरीवर जलपर्णी बघते. पुलावरून बघितलं तर पाणी दिसतच नाही, जांभळ्या फुलांचं कुरण दिसतं. ती बया कुठेच मूळ धरत नाही, पाण्यावर नुसती पसरते आणि खालच्या सगळ्याचा उजेड बंद करते. माझं पान तसलं नाही. ते चिखलात रुजतं, एका जागी राहतं, आपल्या वाट्याची जागा व्यापतं आणि बाकीची सोडून देतं. पण गुन्हा कुणाचा आणि धरपकड कुणाची, हे काय आपल्याकडे नवीन आहे?

तिला दोन तऱ्हेची पानं असतात. पाण्याखालची लांबट आणि इतकी पातळ की पलीकडचं बोट दिसावं. पाण्यावरची मात्र जाड, लंबगोल, वरून तेल लावल्यासारखी चकचकीत. थेंब पडला तर घरंगळून जातो. एकाच देठावर ही दोन्ही, खालची वेगळी, वरची वेगळी. खोड पाण्याइतकं लांब. गुडघाभर पाणी असेल तर गुडघाभर, छातीएवढं झालं तर छातीएवढं. पाणी चढलं की तीही चढते, पण पान पाण्यावरच ठेवते. फूल म्हणजे हिरवट रंगाचं बोटभर कणीस, पाण्याच्या वर ताठ उभं. त्याला ना रंग ना वास. मधमाशीला ते बोलवत नाही, वाऱ्यावर काम भागवतं. उन्हाळ्यात तळं आटलं की वरचं सगळं वाळून जातं आणि चिखलात आडवं सरपटणारं पांढरं खोड आपले कोंब पोटाशी धरून पडून राहतं. वर भेगाळलेली जमीन, तिच्यावरून बकऱ्या जातात, पोरं क्रिकेट खेळतात. खाली ते जिवंत असतं आणि कुणाला पत्ता नसतो.

आमच्या तळ्याला तसे दोन घाट. वरचा घाट दगडी, मारुतीच्या देवळापाशी, निजामाच्या काळात बांधलेला. खालचा घाट म्हणजे घाट म्हणायची पद्धत, नाहीतर नुसता उतार. तिथे तळं उथळ, चिखल पोटरीपर्यंत, काठाला बेशरमीची झुडपं. तो आमचा. आम्ही म्हणजे भीमनगरची घरं. आजोबांच्या पिढीने धम्म स्वीकारला, देव्हारे गेले, घरात बुद्धाची मूर्ती आली, पोरं शिकली. घाट मात्र तोच राहिला. वरच्या घाटावर येऊ नका असं माझ्या लहानपणी कुणी म्हणत नव्हतं. म्हणायची गरजच पडत नव्हती. पाय आपोआप खाली वळायचे. माणसाचा पाण्यावरचा हक्क आमच्या घरात कुणाला शिकवावा लागत नाही, तो इतिहास आम्हाला आईच्या दुधाबरोबर मिळालेला. पण इतिहास ठाऊक असणं वेगळं आणि घागर घेऊन वरच्या पायऱ्या उतरणं वेगळं.

ते पान फक्त आमच्या बाजूला यायचं. वर दगड, खोल पाणी आणि सारखी घासपूस, तिथे त्याला रुजायला जागा नव्हती. आमच्या चिखलात त्याची चैन होती. माय गोधड्या धुवायला बसायची आणि मी पानांच्या कडेने पाण्यात उभी राहायची. तिथे पाणी इतकं नितळ असायचं की पायाची बोटं दिसायची, बोटांभोवती फिरणारी माशांची पिल्लं दिसायची. पानाच्या पाठीला गोगलगाईची अंडी चिकटलेली असायची, पारदर्शक, साबुदाण्याच्या खिरीसारखी. बारीक निळ्या चतुरांच्या जोड्या पानावर येऊन बसायच्या. हिवाळ्यात कुठूनशी बदकं यायची आणि पानांच्या राईत तोंड खुपसून बिया शोधायची. मी वनस्पतिशास्त्र शिकायला कॉलेजात गेले असं लोक म्हणतात. मी त्या काठावर उभी होते तेव्हाच शिकायला लागले होते.

गेल्या वर्षी तळ्याचं सुशोभीकरण आलं. महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेला मी मुद्दाम गेले. बालाजीने सगळं समजावून सांगितलं: गाळ काढायचा, शेवाळ मुळासकट उपटायचं, खालच्या घाटाला वरच्यासारख्याच पक्क्या पायऱ्या, फिरायला वाट, बसायला बाकडी. लोक खूष. मी उठले. म्हटलं, गाळ काढा, वाट करा, पण खालचा काठ तसाच ठेवा. ज्याला तुम्ही शेवाळ म्हणताय ते पाणी निवळ ठेवतं, मासे त्याच्यात वाढतात, ते आमच्या तळ्याचं आहे आणि या तालुक्यात आता फारशा ठिकाणी उरलेलं नाही. मी चांगलं बोलले. मुद्देसूद बोलले. मागून कुणीतरी म्हणालं, मॅडमला शेवाळ पायजे, आणि सगळी सभा हसली. त्या हसण्याची मला सवय आहे. मी पुढे बोलणार तेवढ्यात बायकांच्या बाजूने माझी माय उठली.

माझी माय सभेत कधी बोलत नाही. पदर सावरून ती उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता बोलली.

"माजी लेक शिकलेली हाय. तिला चिखल चांगला वाटत आसंल. माजा सगळा जलम त्या चिखलात घसरण्यात गेला. वरल्या घाटाला दगड आन् आमाला चिखल, किती दिस? मला पायऱ्या पायजेत."

आता कुणी हसलं नाही. भीमनगरच्या सगळ्या बायकांनी हात वर केले. बालाजीचा चेहरा असा खुलला की जणू त्यानेच भाषण लिहून दिलं होतं. मी खाली बसले. त्या दिवशी मी मायकडे जेवले नाही, परतीची एसटी पकडली आणि औशापर्यंत खिडकीला डोकं टेकून रडत आले. राग कुणावर धरावा ते कळत नव्हतं. आजही विचाराल तर सांगेन, मी चुकले नव्हते. काठ सिमेंटचा केला की तळ्याचा हौद होतो हे खरंच आहे. आणि माय चुकली नव्हती. तिच्या पायऱ्यांची मागणी माझ्या पानापेक्षा दोन पिढ्यांनी जुनी होती. दोन बरोबर माणसं समोरासमोर उभी राहिली की मधे कुणाचा तरी बळी जातो, आणि इथे तो पानाचा जाणार होता.

वैशाखात यंत्रं आली. मी कॉलेज सांभाळून दोनदा जाऊन बघून आले. तळं तळापासून खरवडलं होतं. पानाच्या जागी पिवळसर खड्डा. मी यंत्रवाल्याला विचारलं, गाळ कुठे गेला? तो म्हणाला, शेतकऱ्यांनी नेला, रानात टाकायला. तळ्याचा गाळ म्हणजे आमच्याकडे सोनं. ट्रॅक्टर रांगा लावून उभे असतात. सगळ्यात जास्त कुणी नेला? सरपंचाने.

म्हणून ऐन ज्येष्ठाच्या उन्हात मी बालाजीच्या रानात उभी होते. औशाच्या रस्त्याला त्याचं शेत. काळ्या गाळाची ढेकळं बांधापर्यंत पसरलेली, वरून वाळून पांढुरकी पडलेली. मी डोक्याला ओढणी बांधली, घरून आणलेलं खुरपं काढलं आणि ढेकळं फोडायला लागले. बालाजी लिंबाच्या सावलीला उभा राहून बघत होता. आधी त्याने खूप मजा केली. मॅडम, रोजंदारीवर आलात व्हय, वगैरे. मी खुरपं चालवत राहिले. लहान ढेकळं आतपर्यंत कोरडी होती, त्यातलं खोड दोरीसारखं वाळलेलं. मोठ्या ढेकळाच्या पोटात मात्र ओल असेल अशी माझी आशा होती. बराच वेळ काही सापडलं नाही. घाम डोळ्यांत जात होता. मग बालाजीने सावलीतून बाहेर येऊन एका मोठ्या ढेकळाला बुटाच्या टाचेने लाथ घातली. ते दुभंगलं, आणि आतल्या काळ्या ओलीत पांढरं खोड चमकलं, टोकाला गुलाबीसर कोंब.

"हे बगा," तो म्हणाला. "ह्याच्यासाटीच का एवढं?"

मी म्हटलं, हो, ह्याच्यासाठीच. त्यानंतर तो सावलीला गेला नाही. त्याच्याशी माझं भांडण आहे आणि राहील, पण त्या दुपारी निम्मी ढेकळं त्याने फोडली हे मी लपवणार नाही.

लातुरात पाणवनस्पती वाढवायची म्हणजे काय, हे लातूरकरालाच कळेल. ज्या शहराला एका उन्हाळ्यात रेल्वेने पाणी आलं होतं, जिथे नळाला पाणी येणार या बातमीवर लोक लग्नाची वेळ मागेपुढे करतील, तिथे मी गच्चीवर एक मोठा टब मांडला. तळाला तळ्याचाच गाळ, त्यावर जाडसर वाळूचा थर, म्हणजे गाळ उठत नाही. कोंब वर राहील अशी खोडं आडवी पुरली. पाणी ओतताना वाळूवर ताटली ठेवायची आणि ताटलीवर ओतायचं, नाहीतर सगळा चिखल ढवळून निघतो. खत घालायचं नाही. माझ्या एका हौशी सहकाऱ्याच्या सल्ल्याने पहिल्याच आठवड्यात मी मूठभर शेणखत टाकलं, तर पाणी हिरवंगार झालं आणि कोंब दिसेनासे झाले. सगळं पाणी उपसून झाडांना घातलं, पुन्हा भरलं. ऊन भरपूर, पाणी स्थिर, आणि आपण लुडबूड करायची नाही. एवढी साधी तिची मागणी.

घरमालकीण काकू वाळवणाला वर आल्या आणि टब बघून जागीच थांबल्या. "मानसाला प्यायला पानी न्हाई आन् तुमी गवताला पाजायलाव?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, काकू, मी आंघोळीचं पाणी कमी केलंय, तुमच्या टाकीतला थेंब घेत नाही. त्यांना ते पटलं नाही. त्यांनी खालच्या मजल्यावर सगळ्यांना सांगितलं. मला जिन्यात लोक विचित्र नजरेने बघायला लागले. सांगायची गंमत अशी की पहिलं पातळ पान फुटलं ते मी कॉलेजात असताना, आणि ते बघून मला फोन केला काकूंनीच. त्यानंतर पापड आत नेऊन झाले तरी त्या गच्चीवर रेंगाळायच्या.

गावात पायऱ्या झाल्या. माय फोनवर बोलत नव्हती असं नाही, पण पायऱ्यांचं नाव आमच्यात निघत नव्हतं. मग आषाढ लागता लागता एका सकाळी तिचाच फोन आला. आवाज चढलेला. तिने विचारलं, तुझं ते पान मेलं का जगलंय? मी म्हटलं, जगलंय, का? तर म्हणाली, घाटाला पाटी लावली.

मला आधी नीट कळलंच नाही. मग तिने सांगितलं. नव्या पायऱ्यांच्या शेजारी पंचायतीने लोखंडी पाटी रोवली होती, निळ्या अक्षरांत: स्वच्छता राखा, घाण करू नका. मी म्हटलं, मग त्यात काय, सगळीकडे असतात पाट्या. तेव्हा ती म्हणाली, "वरल्या घाटाला न्हाई. मी सोता जाऊन बगून आले. आमच्याच घाटाला हाय."

मग ती म्हणाली, "त्यांनी जिला घाण म्हनलं तीच आन. पायऱ्या माज्या हायेत. फुडचं पानीबी माजंच हाय. काय लावायचं ते मी ठरवीन."

माझ्या सगळ्या मुद्देसूद बोलण्याने जे झालं नव्हतं ते एका पाटीने केलं. मी त्याच आठवड्यात टब रिकामा केला, ओल्या गोणपाटात खोडं गुंडाळली आणि बादली घेऊन एसटीत बसले. कंडक्टरने विचारलं, मासे हायेत का? म्हटलं, गवत आहे. त्याने एकदा बादलीकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या सीटकडे गेला. घरातून निघताना काकूंनी टबाच्या तळाशी राहिलेली दोन खोडं मागून घेतली. त्यांच्या हौदात ती अजून आहेत.

पाण्यात लावणी करायची तर खोड तरंगून वर येतं, ही मुख्य अडचण. म्हणून त्याला चिखलाच्या गोळ्यात बसवावं लागतं, कोंब बाहेर. मी ते करून दाखवायला बसले तेवढ्यात मायने माझ्या हातातला गोळा काढून घेतला. असला गोळा पाण्यात पडला की फुटंल, ती म्हणाली. मग भीमनगरच्या बायका बसल्या. आमच्या या भागात येळवसला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, सगळं गाव रानात जेवायला जातं, आणि त्या जेवणात बाजरीचे उंडे लागतात. पीठ तिंबून, तळहातावर फिरवून, भेग पडू न देता वळायचे. त्याच हातांनी त्यांनी चिखल तिंबला, त्यात बारीक वाळू मिसळली, मायने जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या, प्रत्येक उंड्याला एक पट्टी. कापड कुजेपर्यंत मूळ धरतं. कुणीतरी विचारलं, ह्यो येळवस आषाढातच आला का गं? सगळ्या हसल्या. ग्रामसभेतल्या हसण्यापेक्षा हे हसणं वेगळं होतं, हे माझ्या कानांना बरोबर कळलं.

तळ्यात तेव्हा नुकतं पाणी धरलं होतं. शेवटच्या पायरीच्या पुढे आम्ही मांडीभर पाण्यात उतरलो आणि उंडे हाताने तळाला बसवत गेलो. मायला मी नको म्हटलं तरी ती उतरली. पायऱ्यांवरून, कठड्याला धरून, न घसरता. पाण्यात उभी राहून तिने एकदा मागे वळून आपल्या पायऱ्यांकडे बघितलं. मला तेव्हा पहिल्यांदा ते सिमेंट आवडलं.

आणि मग पाऊस असा लागला की पाणी एका रात्रीत पायऱ्या गिळत वर आलं, लालसर गढूळ, चहासारखं. गढूळ पाण्यात उजेड खाली जात नाही. कोंब कितीही जिद्दीचा असला तरी अंधारात किती दिवस तग धरणार? श्रावण गेला. मी दर रविवारी जायची, पायरीवर बसायची, पाण्याकडे बघायची. माय चहा घेऊन यायची. वरच्या घाटावरून कुणी विचारायचं, आलं का मॅडम तुमचं पीक? मी म्हणायची, येईल. घरी आल्यावर मला झोप लागायची नाही. पान गेलं तर जगाचं काय बिघडणार आहे, असं मी स्वतःला समजावून बघितलं, आणि तसं समजावणाऱ्या स्वतःचाच मला राग आला. जगाचं काहीच बिघडत नाही म्हणूनच तर आमच्या बाजूचं एकेक जात राहतं.

गणपती उठले त्याच्या आसपास पाणी निवळायला लागलं. मी गेले तेव्हा माय आधीच पायरीवर होती. तिने नुसतं बोट केलं. पाण्यावर एक पान होतं. लंबगोल, चकचकीत, तळहाताहून लहान. त्याच्यावर पाण्याचा थेंब होता आणि तो टिकत नव्हता. मी मायच्या खांद्यावर डोकं ठेवलं. ती म्हणाली, येड्यावानी करू नकू, लोक बगायलेत. पण तिने खांदा काढून घेतला नाही.

महिनाभरात हातभर जागा हिरवी झाली, कणसं वर आली. आणि गांधी जयंतीला शाळेने तळ्याची स्वच्छता मोहीम काढली. पोरं गणवेशात, गुरुजींच्या हातात शिट्टी, बालाजी फोटोसाठी हजर. पाटीवर लिहिलेलंच होतं, घाण करू नका, मग घाण कुठली तर पाण्यात दिसतेय ती. पोरांनी लांब काठ्यांनी ओढून ओढून पान काढलं. थोडं काठावर टाकलं, बरंचसं पाण्यातच सुटून वाऱ्याने पलीकडे गेलं. माय धावत गेली तोवर फोटो निघाले होते. पोरांवर ओरडायचं कशाला, ती नंतर मला म्हणाली, त्यांना जे सांगितलं ते त्यांनी केलं. मला तिच्या आवाजात इतकी हार कधी ऐकू आली नव्हती.

मी तिला म्हटलं, माय, थांब जरा. ते तिथून गेलेलं नाही. ओढलं की खोड तुटतं, मूळ चिखलात राहतं. त्यातून आपले उंडे. आणि झालं तसंच. दिवाळीपर्यंत पुन्हा पानं वर आली होती, आधीपेक्षा दाट.

पण एक गोष्ट मी तिला सांगितली नव्हती, कारण तिचा भरवसा मलाही नव्हता. या वनस्पतीचा तुटलेला तुकडाही मरत नाही. पाण्यात तरंगत जातो, जिथे थोडा गाळ मिळेल तिथे अडकतो आणि पेराला मुळं फुटतात. तिला उपटून टाकणं म्हणजे तिला पेरणं. वरचा घाट दगडी असला तरी यंत्रांनी तळ खरवडल्यापासून पावसाचा गाळ त्याच्या पायऱ्यांशी साचू लागला होता, हे मी त्याच दिवाळीत बघून ठेवलं होतं. म्हणून यंदा बालाजीचा फोन आला आणि मी हसले.

रविवारी मी गेले तर माय तयार होऊन बसली होती. पांढरी साडी, विहारात वंदनेला जाताना नेसते ती. मी म्हटलं, कुठे निघालीस? ती म्हणाली, वरल्या घाटाला. सरपंचानं बोलिवलंय न्हवं?

देवळापाशी बालाजी उभा होता, आणखी चारपाच माणसं होती. दगडी पायऱ्या पाण्यात उतरत गेलेल्या, आणि शेवटून दुसऱ्या पायरीच्या पुढे ते होतं. माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त. पानं पायरीच्या दगडाला टेकलेली, मधून हिरवट कणसं ताठ. एक चतुर बसलेला. बालाजी म्हणाला, मॅडम, बघा आता, हे आमच्याकडं कसं आलं? मी म्हटलं, तुझ्या रानातून निघालं, आमच्या घाटावर लागलं, आणि तुम्हीच काठ्यांनी ओढून इकडे पाठवलं. आम्ही आणून लावलेलं नाही. त्याने मान खाजवली. तो खोटं बोलणारा माणूस नाही. त्या ढेकळाला लाथ त्यानेच घातली होती.

तो मायकडे वळला. मावशी, तुमीच सांगा, काढायचं का ठिवायचं?

मायने चपला वर काढल्या आणि पायऱ्या उतरायला लागली. त्या घाटाच्या पायऱ्या ती माझ्या देखत पहिल्यांदा उतरत होती, कदाचित आयुष्यातच पहिल्यांदा. कुणी हलेना. मी हात पुढे केला तर तिने तो घेतला नाही. पाण्यालगतच्या पायरीवर ती बसली, साडी सावरून दोन्ही पाय पाण्यात सोडले. पानं थोडी बाजूला झाली आणि पुन्हा तिच्या पोटऱ्यांभोवती जमली. तिथून आमचा घाट दिसत होता, सिमेंटच्या पायऱ्या, शेजारी निळ्या अक्षरांची पाटी. तिने तिकडे बघितलं, मग मान वर करून बालाजीकडे.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "फकस्त हितं बी एक पाटी लावा."